यासीनने धुतलेले विमान

“यासीननं खोकं उघडलं आणि थेट ब्रश चालवला. धुवायचासुद्धा आळस! म्हणून रंग सुटला.” – आमच्या गल्लीत अजून असेच सांगतात. सांगणाऱ्यांपैकी बहुतेक तेव्हा जन्मलेलेही नव्हते. मी तिथे होतो. आणि मला जे ठाऊक आहे ते माझ्या पत्नीच्याही कानावर गेलेले नाही.

दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. नगरच्या छावणीतला एक गोरा साहेब विलायतेला परतण्याच्या बेतात होता. त्याने यासीनला प्लॅस्टिकच्या सुट्या भागांचे छोटे विमान दिले – जोड, रंगव. काम पसंत पडले तर मोटारी रंगवण्याच्या कारखान्यात तुला लावून देतो. यासीनचे वडील पत्र्याच्या पेट्या रंगवत. आम्ही सुतार. दोन्ही घरांत एकच भिंत.

आळस म्हणता? त्याने प्रत्येक सांधा पॉलिश पेपरने असा घासला, की बोट फिरवले तरी जोड लागू नये. मग तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही म्हणून रिठ्याच्या पाण्यात सगळे धुतले. फडक्याचे तंतू चिकटतील म्हणून न पुसता सावलीत वाळत ठेवले.

“बाळ्या, आता हात लावलास तर बघ! तुमच्या घरात लई भुसा,” असे दटावून तो रंग आणायला गेला.

मी एकटा – आणि ते विमान.

दोन दिवसांनी यासीन रंगवलेले विमान घेऊन गेला. साहेबाने पंखावर नख फिरवले, आणि रंग सालीसारखा निघून आला. साहेब नुसता हसला म्हणे, आणि कारखान्याचे तिथेच राहिले. यासीन परतला तो चिडला नव्हता. “तू हात लावला हुतास का रं?” एवढेच त्याने विचारले. मी मान हलवली – नाही. आणि त्याने ते खरे मानले! शिवी हासडली असती तर कदाचित मी कबूल केले असते.

पुढे तो मामाकडे सोलापूरला गेला, कायमचा. आजही कुठे रिठ्याचा वास आला, की वाटते, भिंतीपलीकडून तो हाक मारील. या वयात असे का वाटावे?

आमच्या घरी घासून झालेल्या लाकडाला पहिला हात तेलाचा. त्याशिवाय वस्तू उघडी दिसते. ते विमानही मला उघडे दिसले. ही सबब नव्हे. मला बजावले होते. तेव्हा धुण्यावरून वाद घालणाऱ्यांनी एवढेच ऐकावे – यासीनने धुतलेल्या त्या पंखांवर जवसाचे तेल मी चोळले, आणि दिसू नये म्हणून पुसूनही घेतले.