वजनबाई आणि पाच चिठ्ठ्या

कल्पना करा, तुमच्यासमोर सहा घोड्यांची यादी ठेवली आहे. एक हमखास पुढे निघणारा, दोन बऱ्यापैकी, दोन मनात आलं तरच पळणारे आणि एक घोडी अशी, की तिच्याबद्दल विचारलं तर तिचा मालकसुद्धा विषय बदलतो. कुणाच्या पाठीवर किती वजन द्यायचं हे तुम्ही ठरवायचं. तगड्याला जास्त, दुबळ्याला कमी. जॉकी, खोगीर आणि खोगिराखालच्या कप्प्यांत सरकवलेल्या शिशाच्या पट्ट्या, असं सगळं मिळून ते वजन भरतं. आणि ते असं ठरवायचं, की मैलभर पळून सहाही घोडे एकाच क्षणी रेषेवर पोचले पाहिजेत. पोचत नाहीत. कधीच पोचत नाहीत. पण पेन्सिल उचलायची ती पोचणार असं धरूनच.

आता पेन्सिल खाली ठेवा. ते काम वजनबाईचं आहे.

हे नाव तिला जॉकींनी दिलं. तिचे वडील काटे दुरुस्त करायचे. दुकानातले, दवाखान्यातले, गोदामातले, कुठलेही. इतर मुली बाहुल्यांना सजवायच्या, ही त्यांना पारड्यात बसवायची. पुढे रेसकोर्सच्या वजनाच्या खोलीत नोकरी लागली. शर्यतीआधी आणि शर्यतीनंतर प्रत्येक जॉकी खोगीर मांडीवर घेऊन काट्यावर बसतो, आणि आकडा लिहायला ही. एक जॉकी काट्यावर नेहमी श्वास रोखून बसायचा. तीन महिने तिनं सहन केलं. मग म्हणाली, "सोडा तो श्वास. त्याला वजन नसतं, आणि तुम्ही जांभळे व्हायला लागलात."

घोड्यांची वजनं ठरवणाऱ्या साहेबांनी ते ऐकलं आणि तिला मदतनीस म्हणून मागून घेतलं. अकरा वर्षं ती त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसली. यंदा डोळ्यांनी दगा दिला म्हणून साहेब निवृत्त झाले आणि त्यांची खुर्ची तिला मिळाली, पण हंगामी. चार शनिवारच्या चार मोठ्या शर्यती तिनं सांभाळायच्या, आणि मग कमिटी ठरवणार की खुर्ची तिची की परत काट्यापाशी.

कमिटीचं मत शनिवारनंतर कळायचं. घरचं मत मात्र शुक्रवारी संध्याकाळीच कळायचं.

कारण घरी स्पर्धा चालायची. तिचे सासरे निवृत्त पोस्टमन. त्यांनीच ती सुरू केली होती. खेळाडू पाच: सासरे, सासूबाई, गल्लीच्या तोंडावरचा शिंपी, त्याच्या समोरचा औषधवाला आणि रेसकोर्सवर घोड्यांना नाल ठोकणारा नालबंद. शनिवारच्या मोठ्या शर्यतीत कोण जिंकणार हे प्रत्येकानं चिठ्ठीवर लिहून बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकायचं. घोडा पहिला आला तर तीन गुण, दुसरा आला तर एक. पैसा कुणी लावायचा नाही. आठवड्याच्या विजेत्याला पुढचा शुक्रवारभर खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसायला मिळायचं, आणि त्या खुर्चीसाठी ही म्हातारी मंडळी लहान पोरांसारखी भांडायची.

प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. सासऱ्यांकडे मागच्या शर्यतींच्या नोंदींची वही. शिंपी जॉकींचे रंगीत सदरे शिवायचा, त्यामुळे कोण बारीक झालाय, कोण सुटलाय हे तो मापावरून सांगायचा आणि घोड्याकडे बघायचासुद्धा नाही. औषधवाला तीन वर्तमानपत्रांतल्या तज्ज्ञांची मतं मांडून त्यांची सरासरी काढायचा. नालबंद फक्त खूर बघायचा. सासूबाई चौघांचं ऐकून घ्यायच्या, चहा गाळायच्या आणि भलताच घोडा लिहायच्या. का, ते कधी सांगायच्या नाहीत. गुणांत त्याच पुढे होत्या.

वजनबाईला यात भाग घेता येत नसे. वजनं ठरवणाऱ्यानं घोडा निवडायचा नसतो. तिच्याकडे तक्ता होता. कपाटाच्या दारावर आलेख-कागद चिकटवलेला, प्रत्येकाला एक रंग, आणि ज्यानं जो घोडा निवडला त्याच्यापुढे त्या रंगाचा ठिपका. चिठ्ठ्या नंतर एका वहीत डकवून ठेवायची, आकड्यांच्या माणसाची सवय.

साहेबांनी पहिल्याच वर्षी तिला सांगितलं होतं, "घरी जाऊन तो तक्ता नीट बघत जा. पाच डोकी, पाच वेगळ्या तऱ्हा, आणि सगळे एकाच घोड्यावर आले, तर ते हुशार नाहीत. आपण चुकलो. पाच जणांचे पाच घोडे झाले, तर आपण जिंकलो."

तिच्या पहिल्या शुक्रवारी पाचही चिठ्ठ्यांवर एकच नाव निघालं. झुंबर. झुंबर दुसऱ्या दिवशी चार घोड्यांच्या अंतरानं जिंकला.

दुसऱ्या शुक्रवारी चार झुंबर. जिंकला.

तिसऱ्या शुक्रवारी पुन्हा पाच. सासऱ्यांनी शेवटची चिठ्ठी न उघडताच डबा बंद केला.

"वजनबाई," शिंपी म्हणाला, "त्या घोड्याच्या पाठीवर मला बसव. शिवणयंत्रासकट."

"यंत्र नको," औषधवाला म्हणाला, "नुसता तू पुरेसा आहेस."

"गप्प बसा रे," सासूबाई म्हणाल्या, "पोरीचा चेहरा बघा जरा."

त्या शनिवारीही झुंबरच जिंकला. तिन्ही शर्यतींत शेवटच्या दोनशे मीटरला प्रेक्षक उठून चहाला गेले होते. कमिटीचे सचिव तिच्याशी फार नम्रपणे बोलायला लागले होते, आणि ते लक्षण काही बरं नव्हतं.

रविवारी ती वजनांची वही घेऊन साहेबांकडे गेली. साहेबांना अक्षरं दिसत नव्हती, म्हणून तिनं तिन्ही शर्यतींचे आकडे वाचून दाखवले. ते ऐकता ऐकता हसायला लागले.

"झुंबरला दर वेळी किती वाढवलंस?"

"अर्धा किलो. मग परत अर्धा."

"अगं, तू घोडा तोलतेस की औषधाची पुडी? अर्धा किलो म्हणजे त्याच्या पाठीवर माशी बसली. मैलाच्या शर्यतीत एका घोड्याइतकं अंतर खायला दीड किलो लागतं. हा चार घोड्यांनी पुढे जातोय. कर हिशेब."

हिशेब तिला येत होता. येत नव्हतं ते धाडस. वडिलांच्या दुकानात काटा जागेवर आणायचा तो चिमट्यानं उचललेल्या इवल्या वजनांनी. तोच हात तिनं घोड्यांनाही लावला होता. वर आणखी भीती, की जास्त वजन दिलं तर मालक ओरडतील.

सोमवारी तिनं झुंबरला बासष्ट किलो दिले. टपाल, कापूर, उनाड आणि लवंगी यांना मधली वजनं दिली. आणि पाहुणी नावाच्या त्या घोडीला, जिच्याबद्दल मालक विषय बदलायचा, एकोणपन्नास. वर आणि खाली यांच्यात तेरा किलोंचा फरक. यादी फलकावर लागली आणि झुंबरचा मालक दहा मिनिटांत दारात उभा.

"बाई, घोड्यावर तिजोरी ठेवलीत का?"

"हो," ती म्हणाली. "रिकामी आहे, पण तिजोरीच."

शुक्रवारी ती घरी आली तर सगळ्यांच्या चपला आधीच दारात. एरवी शिंपी दुकान आवरून सगळ्यांत शेवटी यायचा. डबाही टेबलाच्या मधोमध तयार. तिनं रंगीत पेन्सिली काढल्या आणि कपाटासमोर उभी राहिली. पाठ मंडळींकडे, म्हणजे चेहरा कुणाला दिसायला नको.

सासऱ्यांनी पहिली चिठ्ठी उघडली. "औषधवाला. झुंबर."

झालं, तिला वाटलं. तिनं हिरवा ठिपका काढला.

"मी स्वतः. टपाल."

"बाबा, घोड्याच्या नावावर गेलात ना?"

"सूनबाई, तीस वर्षं टपाल वाटलंय. ते उशिरा येतं, पण येतं. पुढे. शिंपी, उनाड. तुझी सासू, लवंगी."

आता चार घोड्यांपुढे ठिपके होते, चार वेगवेगळ्या रंगांचे. एक चिठ्ठी उरली होती. नालबंदाची. सासऱ्यांनी ती उलगडायला एवढा वेळ लावला, की सासूबाईंनी त्यांच्या कोपरावर टपली मारली.

"कापूर."

तिनं शेवटचा ठिपका काढला आणि मागे सरकून पाहिलं. पाच रंग, पाच ओळी. अकरा वर्षांत तिनं हे कधी पाहिलं नव्हतं. ती वळली आणि वळताना पेन्सिलींचा डबा धाडकन खाली पाडला.

"अगं, हसतेस की रडतेस?" सासूबाईंनी विचारलं.

"मोजतेय," ती म्हणाली आणि खरंच पुन्हा मोजलं.

शनिवारी ती वजनाच्या खोलीच्या दारात उभी राहिली. तिला ओरडायची परवानगी नव्हती, म्हणून तिनं चौकट घट्ट धरली. वळणावर झुंबर पुढे होता, पण त्याच्या खांद्यात तिजोरी दिसत होती. टपालनं त्याला गाठलं, उनाडनं टपालला, आणि मग बाहेरच्या बाजूनं कापूर आणि लवंगी, आणि त्यांच्याही बाहेरून एकोणपन्नास किलोंची पाहुणी, जशी काही तिला आताच कुणीतरी आत या म्हटलं होतं. सहाही घोडे एका घोंगावणाऱ्या गठ्ठ्यानं रेषेवरून गेले. कोण जिंकलं ते कुणालाच सांगता येईना. फोटो धुऊन येईपर्यंत प्रेक्षकांत कुणी जागचं हललं नाही.

पाहुणी. नाकभर अंतरानं. दुसरा कापूर. पहिल्यापासून सहाव्यापर्यंत सगळं मिळून सव्वा घोड्याचं अंतर.

ती धावत साहेबांकडे गेली. ते वरच्या रांगेत काळा चष्मा लावून बसले होते.

"साहेब, काय झालं माहितेय?"

"माहितेय. दिसलं काही नाही, पण ऐकलं. वजनं चुकली की शेवटी अर्धा मांडव गप्प होतो. आज शेवटपर्यंत सगळीकडून ओरडत होते." त्यांनी चाचपडत तिचा हात शोधला. "आणि तो झुंबरचा मालक माझ्या कानाशी सगळ्यांत जोरात."

सोमवारी तिच्या दारावरच्या पाटीतून 'हंगामी' हा शब्द गेला. सचिव आता पूर्वीसारखं तुसडं बोलायला लागले, म्हणजे सगळं ठीक होतं.

पाहुणी कुणीच निवडली नव्हती, त्यामुळे तीन गुण कुणालाच नाहीत. कापूर दुसरा आला म्हणून नालबंदाला एक गुण आणि पुढच्या शुक्रवारी वेताची खुर्ची. तो तीत असा पसरला, जशी काही ती खिडकीसकट विकत घेतली होती. सासूबाई चहा ओतत होत्या. वजनबाई मागच्या आठवड्याच्या चिठ्ठ्या वहीत डकवत होती.

नालबंदाच्या चिठ्ठीवर तिचा हात थांबला. 'कापूर'च्या खालचा कागद खरबरीत झाला होता. काहीतरी लिहून, खोडरबरानं खोडून, त्यावर कापूर लिहिलं होतं. तिनं चिठ्ठी दिव्यासमोर धरली. खालचं अक्षर वाचता येईना. पण तिला दारातल्या चपला आठवल्या, लवकर आलेला शिंपी आठवला आणि चिठ्ठी उलगडताना रेंगाळणारे सासरे. तिला बरं वाटावं म्हणून मंडळींनी आधीच जमून घोडे वाटून घेतले होते की काय?

शर्यत खरी होती. सव्वा घोड्याचं अंतर कुणी टेबलावर बसून ठरवू शकत नाही. पण पाच डोक्यांचा कौल हा तिचा दुसरा काटा होता, आणि काट्याला कुणी बोट लावलं असेल, तर ते तिला कळायलाच हवं होतं. शिवाय तिला हसू आवरत नव्हतं.

"काका," ती चिठ्ठी नालबंदासमोर धरत म्हणाली, "हे काय खोडलंय?"

नालबंदानं खिडकीबाहेर पाहिलं. शिंप्याला अचानक सुई हरवल्याची आठवण झाली. औषधवाला चष्मा पुसू लागला. सासरे खोकले.

"माणसाचं मत बदलतं," नालबंद म्हणाला.

"आपोआप? की कुणी बदलवलं?"

"नीट विचार करून बोल हं," सासूबाई किटली खाली ठेवत नालबंदाला म्हणाल्या, "खुर्चीचा प्रश्न आहे."

नालबंदानं खुर्चीचे दोन्ही हात पकडले. वजनबाईनं हातातली डिंकाची बाटली खाली ठेवली, स्टूल ओढून त्याच्यासमोर बसली आणि पुन्हा विचारलं, "खरं सांगा काका, कापूरच्या आधी इथे कुणाचं नाव होतं?"