बोरगाव मेघेतली इटालियन भिंत

आमच्या बोरगाव मेघेच्या घरातली समोरची खोली इटलीतल्या खेड्यासारखी दिसते, हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते आणि कुणी हसलं तर पुन्हा सांगते. इटली मी पाहिलेली नाही. मोबाइलवर एक फोटो पाहिला होता: चुन्याची ओबडधोबड भिंत, वर लाकडाच्या जाड तुळया, खिडकीत कसलंसं झुडूप. बघताक्षणी मनात भरला. आणि माझ्या मनात एकदा भरलं की मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

पैसा बेताचा. सेलूला यजमानांच्या मित्राचं जुनं घर पाडत होते, तिथून सागाच्या दोन बल्ल्या आणि टोपलीभर कवेलू, म्हणजे जुनी कौलं, उचलून आणले. बल्ल्या स्लॅबखाली नुसत्या शोभेला बसवल्या, कवेलू खिडकीवर. मी ब्लाउज शिवते, त्यामुळे गोणपाटाचे पडदे घरच्या मशीनवर झाले. झुडपाच्या जागी कढीपत्ता लावला. तो निदान फोडणीला तरी येतो!

घोडं अडलं भिंतीपाशी. ती भिंत सासूबाईंची. आर्वीकडच्या खेड्यात त्यांनी उभं आयुष्य मातीच्या भिंती पोतारल्या, दर सणाला पांढऱ्या मातीत कोपरापर्यंत हात घालून. हे पक्कं घर बांधलं तेव्हा त्यांनी एकच गोष्ट मागून घेतली होती: समोरच्या भिंतीला गुलाबी ऑइलपेंट. आता खालून ओल चढून त्याचे पापुद्रे पडत होते, तरी त्या रोज फडक्यानं ती भिंत पुसायच्या.

"मातीच्या घरातून निघाली मी, अन् तू मले परत तिथंच बसवून राह्यली," त्या म्हणाल्या. "भिंत खरवडली तं मी थोरल्याकडं आर्वीले चालली."

मी खरवडली. त्यांनी थोरल्या दिरांना फोन करून रविवारी न्यायला बोलावलं आणि पिशवी भरून दाराशी ठेवली. भांडायला का होईना, त्या घरात हव्यातच, नाही तर मला करमत नाही. पण माघार घेईन तर ती मी कसली!

चुना लावणाऱ्या मिस्त्रीला बजावलं होतं, भिंत खडबडीतच ठेवा. मी शेजारी ब्लाउज देऊन आले तोवर त्यानं सगळी घोटून गुळगुळीत केली होती. वर म्हणाला, "ताई, तशी सोडली असती तं लोकायनं मलेच नावं ठेवली असती." तो गेल्यावर मी चिडून ओल्या चुन्यालाच हात घातला. भिंत अशी दिसायला लागली की जणू म्हशीनं पाठ घासली.

सासूबाई पिशवीजवळ बसून सगळं बघत होत्या. मग उठल्या.

"असा देतेत का पोतारा? सरक तिकडं."

पदर खोचला, जुन्या लुगड्याचं फडकं ओलं केलं आणि खांद्यापासून हात फिरवायला लागल्या. एका अर्धगोलाला लागून दुसरा, त्याला लागून तिसरा. मी चुना कालवून देत राहिले. कलत्या उन्हात त्यांच्या हाताची एकेक फिरत भिंतीवर उमटून दिसली. फोटोतली भिंत हिच्यापुढं काहीच नव्हती. पण त्यांनी हात धुतले आणि पिशवीपाशी जाऊन बसल्या.

रविवारी दीर आले. कृषी केंद्रातून मिळालेलं कॅलेंडर आईसाठी आणलं होतं. रिकामी भिंत दिसली की सासूबाई कॅलेंडर टांगतात, हे आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक. दिरांनी हातोडी मागितली आणि नव्या भिंतीवर खिळा धरला.

"ए! त्या भिंतीले खिळा नाई ठोकाचा!" सासूबाई कडाडल्या. "अंदरच्या खोलीत लाव."

दीर गांगरले. "बरं. मंग चाल, पिशवी घे."

सासूबाईंनी पिशवी उघडली. वरचं जुनं लुगडं काढलं, टर्रकन फाडलं आणि अर्धं माझ्या हातात दिलं.

"मी आता कशी येऊ? बाकीच्या भिंती राह्यल्या नाई का? हिच्या हातानं झाल्या तं माह्यं नाक कापन हे." मग माझ्याकडं वळल्या. "पाहून काय राह्यली? चुना कालव."