दीड इंच खाली

इश्पेमिंग गावच्या लोखंडाच्या खाणीत रेनो कांगासने चौतीस वर्षं वेल्डिंग केलं. त्याचा सांधा कधी सुटला नाही आणि दुसऱ्याचा सांधा त्याला कधी पटला नाही. निवृत्त झाल्यावरही तो कुणाच्या फाटकापाशी थांबायचा, जोड बोटाने चाचपायचा आणि काही न बोलता पुढे जायचा. ते न बोलणं लोकांना शिवीपेक्षा जास्त झोंबायचं.

उंची पाच फूट तीन इंच. हा विषय घरात निघत नसे. त्याची बायको आयली त्याच्या प्रत्येक नव्या पँटीचे पाय तीन इंच आखूड करत आली होती, तीही काही न बोलता.

निवृत्तीनंतर त्याने लांबच्या प्रवासाची मोटरसायकल घेतली. आठशे पौंडांचं धूड. मागे बायकोला पाठ टेकायला गादी, दोन्ही बाजूंना पेट्या. जुलैत लग्नाला चाळीस वर्षं होणार होती. तेव्हा दोघांनी सुपीरियर सरोवराला पुरी फेरी मारायची, असं ठरलं होतं. पण चालत्या गाडीवर वाघ असलेला रेनो गाडी थांबली की बोटांच्या टोकांवर उभा राहायचा. मे महिन्यात एकदा चर्चसमोर गाडी आडवी झाली, एकदा पेट्रोल पंपावर. दोन्ही वेळा मागे आयली होती. नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणतात. आपल्याला दोन्ही वेळा अंगण खरोखरच वाकडं मिळालं, असं रेनोचं म्हणणं.

"तिसऱ्यांदा पडली," गुडघ्याला बर्फ लावत आयली म्हणाली, "की मी बहिणीच्या मोटारीतून जाणार. तू ये मागून एकटा."

रेनोने दुसऱ्या दिवशी गाडी खाली बसवायला घेतली. मागचे शॉकअब्सॉर्बर काढून दीड इंच आखूड घातले. नुसती मागून बसवली की पुढचं चाक हलकं पडतं आणि वळणावर गाडी ऐकत नाही, म्हणून पुढच्या चाकाचे दोन दांडे, म्हणजे फोर्कही, पकडीतून वर सरकवले. प्रत्येक बोल्ट नेमक्या जोराने आवळला, दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासला. तीन दिवस गेले. दोन दिवसांतही झालं असतं, पण मग ते दोन दिवसांचं काम झालं असतं.

शेजारचा क्लोव्हिस बोशँ कॉफीचा मग घेऊन दारात उभा असायचा. जन्मात पाना धरला नव्हता. उंटावरचा शहाणा.

"कशासाठी चाललंय हे?"

"हाताळणीसाठी. वजन खाली आलं की वळणावर गाडी घट्ट बसते."

"आणि पाय?"

"पायांचा काय संबंध?"

"नाही, सहज विचारलं. तुला दोन आहेत ना, म्हणून."

रविवारी अग्निशमन केंद्रात पॅनकेकची न्याहारी होती. सगळं गाव येतं. रेनो आयलीला घेऊन आला, गाडी थांबवली आणि दोन्ही टाचा जमिनीला टेकवून ऐटीत बसून राहिला. मग बाजूचा स्टँड लावला, उतरला आणि आयलीचं हेल्मेट घ्यायला वळला.

"वा! छान बसली की!" क्लोव्हिसने डावीकडून गादीवर थाप मारली.

गाडी सावकाश उजवीकडे कलली आणि आडवी झाली.

"मी फक्त थोपटली!" क्लोव्हिस ओरडला.

रेनोने कुणाला हात लावू दिला नाही. गादीला पाठ लावली, गुडघे वाकवले, पायांच्या जोरावर इंच इंच मागे सरकत गाडी उभी केली. हात सोडला. गाडी पुन्हा उजवीकडे कलायला लागली. त्याने धरली.

आता त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. गाडी दीड इंच खाली आली होती, स्टँड होता तेवढाच होता. त्यामुळे गाडी स्टँडवर कलायची सोडून ताठ उभी राहत होती. गॅरेजची जमीन स्टँडच्या बाजूला, मोरीकडे उतरती, म्हणून तिथे हे कळलं नाही. वाकड्या अंगणाने सांभाळून घेतलं होतं, सरळ अंगणाने तोंडघशी पाडलं.

"चाकांखाली फळ्या देऊ?" क्लोव्हिसने विचारलं.

उपाय बरोबर होता, चाकं उचलली की गाडी पुन्हा स्टँडवर कलली असती. क्लोव्हिसने सुचवला होता म्हणून रेनो म्हणाला, "नको."

आणि हँडल धरून उभा राहिला. आयली पॅनकेकची बशी घेऊन आली, एक घास त्याच्या तोंडात घातला.

"ही पडलेली मोजायची नाही," तो चावत म्हणाला. "गाडीवर कुणी नव्हतं."

"पडली ती पडली."

"चूक स्टँडची आहे."

"मी तुझी पँट आखूड करते तेव्हा एकच पाय करते का रे?"

"नाही."

"आणि आखूड का करते?"

क्लोव्हिसने चावायचं थांबवलं.

"हाताळणीसाठी," रेनो म्हणाला.

आयली बशी घेऊन निघाली.

"थांब! पाय पुरत नाहीत म्हणून." तो खाली बघत म्हणाला. "पँटीलाही आणि गाडीलाही. पाय टेकत नव्हते, म्हणून खाली केली."

"हे मे महिन्यात बोलला असतास तर माझा गुडघा वाचला असता." तिने पुढचा घास भरवला. "जा, ही नाही मोजत. क्लोव्हिस, फळ्या आण."

घरी गाडी गॅरेजमध्ये न नेता सपाट रस्त्यावर उभी केली. हवी तेवढी कलवून क्लोव्हिसने ती धरली, आयलीने कापडावर खुणा करायच्या खडूने स्टँडवर रेघ मारली. रेनोने स्टँड बरोबर रेघेवर कापला, त्याचं तळपाऊल पुन्हा जोडलं, सांधा बोटाने चाचपला आणि काही बोलला नाही.

जुलैत ते निघाले. गावाबाहेर 'थांबा' लिहिलेल्या पहिल्याच पाटीपाशी मागून आयलीचा आवाज आला, "काय, हाताळणी कशी आहे?"

"पाय टेकतात," रेनो म्हणाला.