पहाऱ्याची किंमत

आप्पांनी मला ती झाडं तोडायला सांगितलं नव्हतं. वाडीत सगळे समजतात, सांगितलं होतं. खरं काय ते आम्हा दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्यांतले आप्पा आता नाहीत. मी आजवर कुणापाशी बोललो नाही.

आप्पा माझे थोरले चुलते. फौजेत ट्रक चालवायचे. सगळी नोकरी डोंगरी रस्त्यांवर, दरडी बघण्यात गेली. आमची वाडी उभ्या चढाच्या पायथ्याला, आणि वरचं रान भावकीचं, सामाईक. उंब्रजहून लाकडाचा व्यापारी आला की आप्पा त्याला चहा पाजत, भाव नीट ऐकून घेत आणि म्हणत, "ही झाली लाकडाची किंमत. आता पहाऱ्याची सांगा." तो बुचकळ्यात पडे. मग आप्पा ऐन-जांभळांकडे हात करत. "ह्यो समदा गार्ड हाय. पावसाळाभर डोंगर धरून उभा ऱ्हातोय. पगार न्हाई, रजा न्हाई. घाटात बांधत्यात तसली भिंत बांधून द्या हितं, आन् न्या झाडं." आतून काकी म्हणत, "ड्यूटी झाडांची आन् पेन्शन ह्यास्नी." यावर आप्पाच जास्त हसत.

पुढे भावकीनं रान वाटून घ्यायचं ठरवलं. थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं, ही आमची रीत. आप्पांनी वरून खाली उभे पट्टे पाडले. धाकटा मी. सगळ्यांत दाट झाडी नेमकी आप्पांच्या घरावरच्या पट्ट्यात होती. आदल्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेतलं. तो पट्टा मागू नकोस, असं ते म्हणाले नाहीत. रीतीच्या आड येणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"घे तुला हवा त्यो. पर तोडू नगंस. खाली माझं घर हाय."

मी "व्हय आप्पा" म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी तोच पट्टा उचलला.

महाबळेश्वरची भाडी मारायला मला जुना पिकअप घ्यायचा होता. आप्पा आणि काकी लेकीकडे मलकापूरला गेले असताना मी झाडं विकली. परत आल्यावर आप्पा बराच वेळ वर बघत राहिले. मग म्हणाले, "बुंधं तरी उपटू नगंस. मुळं कुजंस्तवर धरंल." बुंधे मी ठेवले. मुळं कुजेपर्यंत चढानं दम धरला. मग एका पावसाळ्यात, भल्या सकाळी, वरून कडकड ऐकू आली. आप्पांनी काकींना आणि शेळ्यांना बाहेर काढलं, आणि घर मातीखाली गेलं. माझ्या घरावरचा पट्टा आप्पांच्या वाट्याला आला होता. त्यांनी त्यातली फांदी तोडू दिली नव्हती. माझ्या अंगणात खडाही आला नाही.

भावकी जमली. झाडं कुणाला विचारून तोडली, असा प्रश्न निघाला. मी खाली बघत होतो.

"मीच म्हनलं तोड," आप्पा म्हणाले. "आसं हुईल वाटलं न्हवतं."

काकी शेजारीच बसल्या होत्या. त्या दिवसापासून त्या आप्पांशी कामापुरतं बोलू लागल्या. दोघं मलकापूरला लेकीच्या दोन खोल्यांत राहायला गेली. तिथं मी एकदा आप्पांना विचारलं, असं का केलंत. ते म्हणाले, "तुला वाडीत ऱ्हायाचं हाय रं. माझं काय, मी आलोच की हिकडं." दुसऱ्या वर्षी ते गेले. काकींचा राग शेवटपर्यंत निवळला नव्हता.

मी अधूनमधून मलकापूरला जातो. काकी चहा देतात आणि दर वेळी म्हणतात, "जलमभर लोकांस्नी झाडांचं मोल सांगितलं, आन् आपल्याच हातानं माझं घर घालवलं तुज्या चुलत्यानं." मी चहा पितो.

त्यांचं घर त्यांच्या नवऱ्यानं नाही, मी घालवलं. हे काकींना सांगायचं अजून बाकी आहे.