सातवं कलम

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बहिणीला नाही, नवऱ्याला तर नाहीच. देवापुढे बसले तरी भलतंच काहीतरी मागून उठते. आज तुम्हाला सांगते — का, ते विचारू नका.

रोह्याला कोर्टाजवळ माझं टायपिंगचं टेबल आहे. वीसेक वर्षं झाली. भाडेकरार, प्रतिज्ञापत्रं आणि फारकतीचे कागद. नवरा-बायकोचं फाटलं, दोन्हीकडची माणसं बसली, ठरलं, की वकील मजकूर देतात आणि मी तो स्टॅम्पपेपरवर उतरवते. सहीआधी सगळा कागद मोठ्यानं वाचून दाखवायचा, तेही माझंच काम. वकिलांना वेळ नसतो, आणि माझा आवाज खणखणीत. शेवटची ओळ प्रत्येक कागदात तीच — 'मजकूर वाचून दाखविला, तो समजला व मान्य आहे.' ही ओळ मी डोळे मिटून टाइप करते.

सुगंधा पेणची. गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखायची. नवरा इथल्याच पुलापलीकडच्या अष्टमी गावचा, कंपनीत शिफ्टला जाणारा. मारायचा. एका दुपारी ती नेसत्या लुगड्यानिशी माहेरी निघून गेली. सहा वर्षांची पोर तेव्हा शाळेत होती, ती सासरीच राहिली. बैठकीत तोंडी ठरलं होतं, की मे महिन्यात आणि दिवाळीत पोर आईकडे जाईल. बाकी सुगंधाला काही नको होतं. भांडीसुद्धा नको.

पण सकाळी नवऱ्याकडचे येऊन वकिलाशी काहीतरी बोलून गेले, आणि माझ्याकडे आलेल्या मजकुरात सातवं कलम वेगळंच होतं. मुलगी कायम वडिलांकडे राहील, आई तिच्या भेटीची मागणी करणार नाही. मीच टाइप केलं हो ते. बैठकीत ठरलं होतं ते हे नव्हे, हे मला माहीत होतं.

दुपारी ती समोर बसली. चौथी शिकलेली, कोर्टाची भाषा तिच्या डोक्यावरून जायची. मी सहा कलमं वाचली. ती पुढं वाकली आणि हळूच म्हणाली, "ताई, पोरीचं लिवलंय ना गो? सुट्टीचं?"

मी म्हटलं, "हाय गो, सगळं हाय. ऐक पुढं." आणि आठवं कलम वाचायला घेतलं.

तिनं मूर्तीचा डोळा आखावा तशी, श्वास रोखून सही केली.

का केलं मी असं? बरीच वर्षं स्वतःला सांगत आले, वकिलाला घाबरले, त्याच्याकडून येणारी कामं गेली असती. खोटं आहे. वकील तर चहाला गेला होता! खरं सांगू? — त्या दिवशी माझ्याच पाठीवर वळ होते. ब्लाऊज टोचत होता. मी मुकाट घरी परत जाणार होते, भाकऱ्या थापणार होते. आणि ही बया न्हाऊन, केसांत अबोली माळून, सुटायला आली होती. मला तिचा राग आला. मी सोसतेय, आणि हिला सुटकाही हवी, पोरही हवी? एवढंच. मारणाऱ्याचा राग नाही आला, सुटणारीचा आला.

मे महिन्यात ती नवा फ्रॉक घेऊन अष्टमीला गेली. त्यांनी दारातच कागद दाखवला. पूल ओलांडून ती सरळ माझ्याकडे आली. मला वाटलं, आता चारचौघांत माझी लक्तरं काढणार. काढली असती तर बरं झालं असतं. पण ती म्हणाली, "तुमी वाचलंच असंल वो ताई. माझंच ध्यान नव्हतं, नाय का?"

तेव्हा तरी बोलायचं ना मी! अजून वेळ होती, दुसरा कागद करता आला असता. मी म्हटलं, "वाचलं होतं. तू रडत होतीस."

ती रडत नव्हती. एक थेंबही नाही. पण तिनं मान डोलावली, माझ्यावर विश्वास ठेवला आणि पेणच्या गाडीला गेली.

परवा एक मुलगी आली. कॉलेजसाठी प्रतिज्ञापत्र हवं होतं. वडिलांचं नाव सांगितलं, अष्टमीचा पत्ता सांगितला, आणि माझी बोटं थांबली. आईचं नाव विचारलं, तर म्हणाली, "लागतंच का? तिनं सही करून सोडलंय मला. कागद आहे घरी, मी स्वतः वाचलाय."

मी काय बोलले? नाव लागतं, एवढंच म्हटलं. ते तिनं सांगितलं, मी टाइप केलं. मग सगळा कागद मोठ्यानं वाचून दाखवला, एकही शब्द न गाळता. वाचून दाखविला, समजला, मान्य आहे.

तिनं नीट ऐकलं. मग खाली वाकून सही केली — आईसारखीच, श्वास रोखून, रेघ जराही हलू न देता.