एकदाच विचारणारा वेटर

ये गो, अशी जवळ ये. जवळ म्हणजे बाबाला अगदी चिकटून बस आणि हे त्याच्याकडून वाचून घे. मी लिहिणार मराठीत आणि तुला येतं इंग्रजी, त्याला काय करणार? आधी मला जरा रागवून घेऊ दे. आजीला एकदाच विचारतं का गो कोणी? "आजी, सुट्टीत तुझ्याकडे येऊ?" असं एकदा विचारलंस, मी नको म्हटलं, आणि तू जी फुगून बसलीस ती फोनवर यायचीच थांबलीस. "होमवर्क करतेय ती," बाबा म्हणायचा. कॅनडात झालं तरी चौथीतल्या पोरीला रोज एवढा होमवर्क नसतो, इतकं मला रत्नागिरीत बसून कळतं.

तुझ्या बाबाला वाटलं, आजी-नातीच्या मध्ये इंग्रजी आडवं येतंय. मी सातवीपर्यंत शिकलेली. पुढचं इंग्रजी औषधांच्या बाटल्या आणि त्याची जुनी शाळेची पुस्तकं वाचून शिकले. वाचते बरी, पण बोलायला गेलं की घसा अडतो. म्हणून त्याने इकडे येणाऱ्या मित्राबरोबर तो डोळ्यांना बांधायचा डबा पाठवला. डोळ्यांवर चढवला की म्हणे आपण परदेशात. दुकान, हॉटेल, विमानतळ, सगळं समोर उभं, आणि तिथली माणसं आपल्याशी इंग्रजी बोलतात. आपण उत्तर द्यायचं, की जीभ सुटते.

तुझी काकू ते माझ्या डोक्याला बांधायला बसली. अंबाड्यावर पट्टा ठरेना. अंबाड्याखालून घातला तर आतला चष्मा नाकात रुतायला लागला. शेवटी अंबाडा सोडून वेणी घातली. या वयात वेणी, आणि ती इंग्रजीपायी!

तर मी हॉटेलात बसलेली. समोर एक गोरा, गुळगुळीत दाढी केलेला पोरगा. वाकून म्हणाला, "वुड यू लाइक सम कॉफी?" मी म्हटलं, "नो, नो. व्हाय ट्रबल?" तर तो हसला, "हॅव अ लव्हली डे!" म्हणाला आणि हॉटेलसकट नाहीसा झाला. मी अंधारात. मग कानात टाळ्या वाजल्या आणि एक बाई म्हणाली, व्हेरी गुड.

कसलं व्हेरी गुड? कॉफी कुठे गेली?

पुन्हा लावलं. पुन्हा तोच, पुन्हा तेच. मग काकूने मला दुसऱ्या ठिकाणी पाठवलं, एका बाईच्या घरी. तिने केक पुढे केला. मी आपली रीत म्हणून नको म्हटलं, तर त्या बाईने बशी उचलून आत नेली! खरं सांगते, माझ्या उभ्या आयुष्यात असा अपमान कोणी केला नव्हता.

काकू हसून हसून खाली बसली. "आई, तुम्हाला कॉफी हवी होती ना?"

"हवी होतीच की."

"मग नो कशाला म्हणालात?"

"अगो, पहिल्यांदा हो म्हणतात का? अधाशासारखं? त्याने पुन्हा विचारायला नको?"

"तो एकदाच विचारतो."

"का? त्याच्या आईने काही शिकवलं नाही?"

"त्याला आई नाहीये, आई. तो प्रोग्रॅम आहे."

मला त्या मेल्याची कीवच आली क्षणभर. पण राग काही गेला नाही. आपल्याकडे कोणाकडे गेलं की घावन पानात वाढताना हात आडवा धरायचा, पण बोटं फाकवून. वाढणारी म्हणते, "घ्या हो, एवढंसं." आपण म्हणतो, "नको, पोट भरलं." ती म्हणते, "माझी शपथ." मग घावन पानात पडतं, वर नारळाचा रस पडतो, आणि दोघींना बरं वाटतं. एकदाच विचारलं म्हणजे विचारायचं म्हणून विचारलं, मनापासून नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक.

रविवारी तुझ्या बाबाचा फोन आला, तेव्हा मी हे सगळं गाऱ्हाणं त्याला तावातावाने सांगितलं. तो आधी खूप हसला. मग हसू आवरून म्हणाला,

"आई, पोरीने येऊ का विचारलं, तेव्हा तू काय म्हणाली होतीस?"

"म्हटलं, नो, नो, टू मच रेन, टू मच ट्रबल. तुमचा समर म्हणजे आमचा आषाढ. चिखल, डास. म्हणायला नको?"

"ती रडली होती गं. आजीला मी नको आहे, म्हणाली. शुक्रवारी इथल्या सुट्टीच्या कॅम्पमध्ये नाव घालायचंय तिचं."

बाय माझे, काय झालं असेल माझं! इकडे मी तू पुन्हा कधी विचारतेस म्हणून वाट बघत बसलेली. तुझ्या मापाचा रेनकोट आणून ठेवलेला. गच्चीवर आंब्याची साठं वाळत घातलेली, तुला आवडतात म्हणून. पडवीवरचा गळका पत्रा बदलून घेतला, तो काय माझ्यासाठी?

"अरे, ती पोर आहे," मी म्हटलं, "पण तू याच घरात घावनं खाऊन वाढलास ना? तुला कळलं नाही?"

"मला खरंच वाटलं, तुझे गुडघे दुखतात, तुला झेपणार नाही."

घ्या! तोही एकदाच विचारणारा झाला.

फोन ठेवला आणि मी तरातरा जाऊन वेणी घातली, डबा बांधला. वेटर आला, वाकला. मी दात-ओठ खाऊन म्हटलं, "येस." कान गरम झाले गो! घरात सुनेसमोर, पहिल्याच विचारण्याला, येस! कॉफी आली. वाफ बिफ सगळं होतं, पण पिता येईना. असं ते यंत्र.

मग तुला फोन लावून घेतला. तू आलीस, तोंड पाडून. मी म्हटलं, "येस. कम." तू म्हणालीस, "बट यू सेड नो." आणि माझं इंग्रजी तिथेच संपलं. आमचा नो म्हणजे काय, ते घावन, ती आडव्या हाताची फाकलेली बोटं, हे सगळं इंग्रजीत कसं सांगायचं, ते काही त्या डब्यात नव्हतं. म्हणून हे लिहायला बसले; काकू आजच याचा फोटो काढून बाबाच्या फोनवर पाठवेल.

तर ऐक. शुक्रवारी कुठे नाव घालू नकोस. इथे आलीस की मी वाढेन, तू खुशाल नको म्हण, मी मुळीच ऐकणार नाही. आणि हे मी पहिल्यांदाच, कोणी आग्रह न करता म्हणतेय: ये. पाऊस असू दे, चिखल असू दे. लवकर ये गो.