उज्ज्वलाचं शनिवारचं टेबल

उज्ज्वलाच्या नवऱ्याचा, शिरीषचा, फोन आला तेव्हा मी सिडनीतल्या पेंडल हिल स्टेशनजवळच्या दुकानात कढीपत्ता निवडत होते. "मेधा, उज्ज्वला सकाळी उठलीच नाही," एवढंच तो म्हणाला, आणि मी खुळ्यासारखं विचारलं, "म्हणजे अजून झोपलीय?" पलीकडून नुसता त्याचा श्वास ऐकू आला आणि कळलं. झोपेतच तिचं हृदय थांबलं होतं. त्यानंतर मी गाडी कशी चालवली, त्यांच्या घरी दार कोणी उघडलं, काही धड आठवत नाही. रडू त्या दिवशी आलंच नाही. आला तो राग. जिच्याशी हक्काने भांडावं अशी माझी या देशातली एकच मैत्रीण, आणि ती एक भांडण अर्धवट टाकून निघून गेली होती. ते भांडण आमच्या दोघींमधलं नव्हतं. ते तिचं बाकी सगळ्यांशी होतं, आणि तिच्या बाजूने उभी राहून राहून मी दमले होते. आज काही आठवड्यांनी हे लिहायला बसलेय, तरी तो राग उतरलेला नाही. तेव्हा या लेखात गोडवा कमी पडला तर वाचकांनी समजून घ्यावं.

उज्ज्वला डोंबिवलीची. बी.कॉम. होऊन एका कंपनीत पगारपत्रकं करायची. शिरीष इंजिनीअर, त्याच्या नोकरीमागे ती सिडनीला आली तेव्हा तिच्या डिग्रीला कोणी विचारलं नाही, म्हणून सुरुवातीची वर्षं तिने बिस्किटांच्या फॅक्टरीत पॅकिंग केलं. लाइनवर शेजारी उभ्या असलेल्या बायकांच्या पगारातून दर आठवड्याला टॅक्स कापला जायचा. कमाई कमी असेल तर त्यातला बराचसा वर्षाअखेरी परत मागता येतो, हे निम्म्या जणींना माहीतच नव्हतं. ज्यांना माहीत होतं त्या दुकानात बसलेल्या एजंटकडे जायच्या आणि परत आलेल्यातला चांगला जाडजूड तुकडा त्यालाच देऊन यायच्या. "आपलेच पैसे आणि ते आणायला दुसऱ्याला टोल!" हे तिचं तेव्हापासूनचं. पुढे तिला एका हॉस्पिटलच्या पेरोलमध्ये नोकरी लागली. मी तिथल्याच लॅबमध्ये होते, माझ्या पगारात झालेली एक चूक निस्तरताना आमची ओळख झाली. निवृत्त झाल्या वर्षीच तिने, कमी उत्पन्नाच्या लोकांना टॅक्स रिटर्न भरायला फुकट मदत करणाऱ्या स्वयंसेवकांचं ट्रेनिंग घेतलं, आणि जुलै ते ऑक्टोबर दर शनिवारी ब्लॅकटाउनच्या एका कम्युनिटी सेंटरमधल्या मागच्या खोलीत टेबल मांडून बसायला लागली.

श्रद्धांजलीच्या मेसेजेसमध्ये आता सगळे तिला "प्रेमळ" म्हणताहेत. प्रेमळ? ती खेकसायची. कोणी कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून आणले की, "हे काय, मेथी निवडायला आणलीस का?" वृद्धाश्रमाच्या किचनमध्ये काम करणारा एक बाबा वर्षानुवर्षं रिटर्नच भरत नव्हता. कमाई एवढीशी, टॅक्सवाल्यांच्या नजरेत कशाला यायचं, असं त्याचं म्हणणं. त्याला ती म्हणाली, "अरे, त्यांनी तुझ्याकडून कापून घेतलेत आधीच! तू लपतोयस कोणापासून? स्वतःच्याच पैशांपासून?" कमी कमावणाऱ्याला इथे करात सूट मिळते, पण रिटर्न भरलं तरच, घरी येऊन कोणी देत नाही, हे ती इंग्रजीत, हिंदीत, मराठीत, आणि नेपाळी पोरांना तिच्या स्वतःच्या कुठल्याशा भाषेत सांगायची. मी कधीमधी शनिवारी आर्वोला, म्हणजे दुपारी, डबा घेऊन जायचे. डबा तसाच राहायचा, कारण रांग संपायची नाही. "खाऊन घे गं," म्हटलं की, "ते उभे आहेत, मी खाऊ?" मग संध्याकाळी डोकं दुखतं म्हणून माझ्यावरच चिडायची.

दीपाली या रांगेतच आली. लातूरकडची, इथे कुकरीचा कोर्स करायला आलेली, आता पीआर, म्हणजे इथे कायमचं राहायची परवानगी, मिळालेली, नवऱ्यापासून वेगळी राहून एका मुलीला वाढवणारी. संध्याकाळी ऑफिसं साफ करायची. तिचं दुःख उलटं होतं. बाकीच्यांना काही ना काही परत मिळायचं आणि हिला दर वर्षी वर पैसे भरावे लागायचे. उज्ज्वलाने कागद पाहिले आणि तिचा चेहरा उतरला. दीपालीला मालकाने नोकरीवर ठेवलंच नव्हतं. त्याने तिला एबीएन, म्हणजे स्वतःच्या धंद्याचा नंबर, काढायला लावला होता. त्यामुळे कागदोपत्री ती धंदेवाली बाई. पगारातून टॅक्स कापायची जबाबदारी मालकावर नाही, रजा नाही, म्हातारपणासाठीची सुपरची रक्कमही नाही. आणि त्या फुकट मदतीचा नियम असा की, एबीएनवर काम करणाऱ्याचं रिटर्न स्वयंसेवकाने करायचं नाही.

"म्हणजे मला मदत नाही मिळणार?" दीपालीने विचारलं.

"या टेबलावर नाही."

"मॅडम, मी काही धंदा करत नाही हो. त्यांनी नंबर काढ म्हटलं, मी काढला."

मी डबा घेऊन शेजारीच होते; उज्ज्वलाने माझ्याकडे पाहिलं. ती नियम मोडणारी नव्हती, आणि याच गोष्टीचा तिला जास्त त्रास व्हायचा. "ज्याला सगळ्यात जास्त नाडलंय, त्यालाच आम्ही दारातून परत पाठवायचं. किती छान व्यवस्था आहे बघ!" मग दीपालीला म्हणाली, "टेबलावर मला तुझं काही करता येत नाही. पण बाहेर बाकावर बसून चहा प्यायला मला कोणी अडवलेलं नाही. थांब अर्धा तास." त्या बाकावर तिने दीपालीला खोदून खोदून विचारलं. कामाची वेळ कोण ठरवतं? मशीन कोणाचं? तुझ्याऐवजी दुसऱ्या कोणाला पाठवलंस तर चालेल का? प्रत्येक उत्तर मालकाकडे जात होतं. शेवटी मालकाचं नाव विचारलं, तर ते आमच्याच मराठी मंडळातले गृहस्थ निघाले. नाव इथे लिहीत नाही. गणपतीच्या मांडवाचा खर्च तेच उचलायचे, आरतीला पुढे उभे राहायचे, आणि नव्याने आलेल्या प्रत्येक पोराला "काही लागलं तर सांग रे" म्हणायचे.

त्यांच्याकडे जाऊ नकोस, आधी दीपालीला फुकट कायदेशीर सल्ला देणाऱ्या लीगल सेंटरमध्ये पाठव, असं मी तिला सांगितलं. तिचं म्हणणं, ओळखीचा माणूस आहे, आधी तोंडावर बोलायला हवं. ती एकटी जाईल म्हणून मीही गेले. त्यांनी आम्हाला आदराने बसवलं, बायकोने बाकरवडी आणली. उज्ज्वलाने वाटीला हात लावला नाही.

"वहिनी, या पोरांना मी काम देतो," ते म्हणाले. "दुसरं कोण उभं करतं यांना? आणि दीपालीचा स्वतःचा बिझनेस आहे. पेपरवर सगळं क्लिअर आहे."

"मशीन तुमचं, चावी तुमची, टी-शर्टवर नाव तुमचं, वेळ तुम्ही ठरवणार," उज्ज्वला म्हणाली. "तिच्या बिझनेसमध्ये तिचं काय आहे? गुडघे?"

ते हसले. खरोखर हसले. "तुम्ही फार मनाला लावून घेता. नो वरीज, मी बघतो."

त्यांनी बघितलं ते असं, की पुढच्या आठवड्यापासून दीपालीच्या शिफ्ट्स कमी झाल्या. मग उज्ज्वलाने तिला लीगल सेंटरला नेलं आणि सरकारदरबारी तक्रार दाखल झाली. त्यानंतर जे झालं त्याला काय म्हणावं मला कळत नाही. भांडण झालंच नाही! कोणी एक शब्द बोललं नाही. फक्त उज्ज्वलाला मंडळाच्या मीटिंगचा मेसेज यायचा बंद झाला. गणपतीत वर्षानुवर्षं उकडीचे मोदक तिच्याकडे असायचे, त्या वर्षी "तुला त्रास नको म्हणून" दुसरीकडे दिले. भाजीच्या दुकानात बायका भेटायच्या, दंडाला हात लावून हळूच म्हणायच्या, "तुझं बरोबरच आहे गं, पण…" त्या 'पण'पुढे काही यायचं नाही. डॉक्टर, इंजिनीअर, प्राध्यापक, सगळी शिकलीसवरली माणसं. कोणालाही दीपालीच्या जागी आपली भाची दिसली नाही. दीपालीबरोबरची पोरंसुद्धा तिच्यावरच उखडली. "तुझ्यामुळे आमचंही काम जाईल," म्हणाली. त्यांना तरी काय बोलणार? शिरीष रोज म्हणायचा, "जाऊ दे ना, उज्ज्वला." तो स्वभावानेच जाऊ दे म्हणणारा. आणि ती त्याच्यावर वैतागून माझ्याकडे यायची, तेच तेच सांगायची. मीही वैतागायचे. "मग काय करू, त्यांच्या दारात उपोषणाला बसू?" असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाली, "बस की."

तक्रार लांबत गेली. तेच कागद पुन्हा मागायचे, तेच प्रश्न नव्या माणसाकडून नव्याने. उज्ज्वला फोन स्पीकरवर टाकून होल्डवरचं ते संगीत ऐकत पोळ्या लाटायची. आणि शेवटी निकाल दीपालीच्या बाजूने लागला. ती धंदेवाली नव्हती, कामगार होती; मालकाने सगळं थकलेलं द्यायला हवं होतं. त्या दिवशी उज्ज्वलाने शिरा केला. शिरा खाऊन होतो न होतो तोच दीपालीचा फोन आला… ती कंपनी आता अस्तित्वातच नव्हती. गुंडाळली होती. त्याच व्हॅन्सवर नवं नाव रंगवलेलं, कंपनी मालकाच्या मेव्हण्याच्या नावावर. जिच्याकडून घ्यायचं तीच नाही, मग घेणार कोणाकडून? उज्ज्वला खेकसली नाही की रडली नाही. आमच्या इतक्या वर्षांच्या ओळखीत तिला अशी गप्प मी पहिल्यांदा पाहिली, आणि मला ते बिलकुल आवडलं नाही.

दीपालीला पुढे एका शाळेच्या कॅन्टीनमध्ये रीतसर नोकरी लागली. टॅक्स कापून पगार, पे-स्लिप, रजा, सगळं. पुढच्या जुलैत ती पुन्हा रांगेत उभी राहिली, आणि या वेळी उज्ज्वलाला तिचं रिटर्न टेबलावर बसून करता आलं. तेवढं एक चांगलं झालं. पण उज्ज्वलाने नव्या कंपनीचा पिच्छा सोडला नव्हता. तिथल्या दोन मुलांना तिने बोलतं केलं होतं, लीगल सेंटरची वेळही घेतली होती. त्या तारखेच्या आधीच ती गेली. मुलं नंतर गेलीच नाहीत. मी फोन केला तर उचलत नाहीत.

अंत्यसंस्काराला हॉल भरला होता. इतकी वर्षं मेसेज न पाठवणारे सगळे काळ्या कपड्यांत हजर. आणि हो, ते गृहस्थही आले होते, मोठं पुष्पचक्र घेऊन. दोघा-तिघांचं बोलून झाल्यावर ते उठले आणि माइककडे निघाले. "उज्ज्वलावहिनींचं समाजकार्य…" एवढं बोलले असतील. मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते. तेवढ्यात शिरीष उभा राहिला. जन्मभर जाऊ दे म्हणणारा शिरीष.

"तुम्ही बसा," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "दीपाली आलीय. बोलायचं तर ती बोलेल."

हॉलमध्ये सगळे आपापल्या पायांकडे बघायला लागले. ते गृहस्थ क्षणभर हसल्यासारखे झाले, मग बसले. दीपाली कॅन्टीनच्या युनिफॉर्ममध्येच मागे उभी होती, तिथूनच बोलली. "मॅडम मला लई बोलायच्या. पण माझ्यासाठी त्यांच्या दारात गेल्या, मला लीगल सेंटरला घेऊन गेल्या. दुसरं कोणी आलं नाही." आणि बसली. बस, एवढंच. बाहेर चहाच्या वेळी लोक त्या गृहस्थांशी नेहमीसारखेच बोलत होते. यंदाच्या गणपतीचे प्रायोजक तेच आहेत.

आता जुलै आहे. सेंटरच्या दारावर चिठ्ठी लावलीय, यंदा स्वयंसेवक नसल्यामुळे टॅक्सची मदत मिळणार नाही. मी बसते म्हणून सांगायला गेले, तर यंदाचं ट्रेनिंग होऊन गेलंय म्हणे, पुढच्या वर्षी नाव द्या. मागच्या खोलीत योगासनांचा क्लास सुरू झालाय.

परवा शिरीषकडे पोळीभाजी घेऊन गेले, तर ओट्यावर उज्ज्वलाचा मोबाइल चार्जिंगला लावलेला. त्याने तो बंद केलेला नाही. "अरे, कशाला बिल भरतोस?" मी म्हटलं. "जुलै जाऊ दे," तो म्हणाला. "फोन येतात तिला." मी काही बोलणार तेवढ्यात तो वाजलाच. शिरीषने हात पुसले, उचलला. पलीकडून कोणीतरी हिंदीत मॅडम आहेत का विचारत होतं. शिरीषने एकदा माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम नहीं हैं," तो म्हणाला. आता फोन ठेवील असं मला वाटलं. "लेकिन आप बताइए… पे-स्लिप मिलती है, या एबीएन पे काम करते हो?"

पलीकडचा माणूस भडाभडा बोलायला लागला. शिरीष नुसता हं, हं करत होता. पुढे काय सांगायचं ते त्याला माहीत नव्हतं, आणि मलाही.